सव्वा वेढा

"आमटीच्या पातेल्यात काय शिजाय घातलंयस रं?" आईनं झाकण उचललं आणि वाफ लागून मान मागं घेतली.

"तारा," दादा म्हणाला.

"कसल्या तारा?"

"गिटारच्या. बासच्या. आवाज बसलाय त्यांचा. उकळल्या की आतला मळ सुटतो."

"आन् उद्या आमटीला लोखंडाची चव आली म्हंजे?"

"रक्त वाढंल तुझं."

आईनं त्याच्या पाठीत उलथनं मारलं, पण हळू. त्या दिवशी त्याला कोणीच जोरात काही करणार नव्हतं.

मार्चमधला रविवार होता. दुपारी साडेचारला सांगलीच्या नाट्यगृहात पुण्याच्या एका ऑर्केस्ट्राचा खेळ होता आणि त्यात माझा थोरला भाऊ उमाकांत बास गिटार वाजवणार होता. त्यांचा नेहमीचा बासवाला आखातात नोकरीला निघाला होता. ऑर्केस्ट्राचे मालक देवकुळे यांनी दादाला कळवलं होतं, एक खेळ वाजव, जमलं तर सोमवारी सकाळी आमच्याच गाडीतून पुण्याला चल.

आम्ही मिरजेचे. पुढच्या खोलीत दुकान, दुकानात तंबोरे. आमचे वडील, आण्णा, बाहेरच्यांचे केशव मिस्त्री. भोपळ्यावर टिचकी मारून ते सांगायचे, ह्यातून बाईचा तंबोरा निघेल की बाप्याचा. दादा सव्वीसचा, मी बावीसचा. दहावी झाली की दोघंही पाटावर बसलो. मी तारेखालची पट्टी कानसून जवारी, म्हणजे तारेचा झणकार, काढायचो, दादा खुंट्या बसवायचा. गिटार त्यानं सांगलीच्या एका बँडवाल्याकडून मोडकी आणली होती आणि आमच्याच सरसानं, आमच्याच शिकंजात धरून सांधली होती. पाच वर्षं तो ती माडीवर वाजवत होता. आण्णा त्या वेळी खाली कानस जरा जोरात चालवायचे.

आठवड्यापूर्वी त्या दोघांत बोलणं झालं ते असं :

"जातो मी."

"कुठं?"

"पुण्याला. वाजवाय."

आण्णांची कानस थांबली नाही. "त्या फळीवर?"

"फळी न्हाई ती."

"भोपळा न्हाई, पोट न्हाई. फळीच की. वीज गेली की मुकी."

"एकदा ऐका तरी, आण्णा. पाच वर्षांत एकदा बी धड ऐकली न्हाई तुमी."

कानस थांबली. "बरं. ऐकतो. माझ्या कानाला पटलं तर जा, मी सोता गाडीत बसवून येतो. न्हाई पटलं तर गुमान हितं बसायचं. परत नाव काढायचं न्हाई."

"शब्द?"

"शब्द."

दादानं हात पुढं केला. आण्णांनी त्या हाताकडं बघितलं, स्वतःच्या हाताची भुकटी धोतराला पुसली आणि हातात हात दिला. बापानं लेकाशी हात मिळवलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता.

*

उकळलेल्या तारा उन्हात वाळवून दादा चढवायला बसला. तीन नीट चढल्या. चौथी, सगळ्यांत जाड, जिला आण्णा तंबोऱ्याच्या हिशोबानं खर्ज म्हणायचे, तिचं टोक जुन्या मोडीवर तुटलं. चार बोटं तार गेली.

गिटारच्या डोक्यावर लोखंडी खुंट्या असतात. तार खुंटीच्या भोकात खोचायची, मुरडायची आणि वरून खाली वेढे देत पिळायची. जाड तारेला निदान दोन-अडीच वेढे लागतात. वेढाच वेढ्याला दाबून धरतो. आता सव्वाच वेढा बसत होता. दादानं चावी पिळली, सूर चढला. त्यानं अंगठ्यानं तार ओढली आणि जिन्यावरून पाय सुटावा तसा सूर खाली आला.

"दुसरी तार?" मी विचारलं.

"कोल्हापुरात मिळती. आज रविवार."

तो बराच वेळ खुंटीकडं बघत बसला. मग उठला, पॉलिश पेपरची एक बोटभर पट्टी कापली, खरखरीत अंग दोन्ही बाजूंनी बाहेर राहील अशी दुमडली आणि खुंटीभोवती लावून तिच्यावर तार गुंडाळली. "मोज," म्हणाला. पन्नास वेळा ओढली. मी मोजली. तार केसभर हलली नाही. दादाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नंतर कधी पाहिलं नाही.

आण्णा आत आले. "हे काय? वाद्यात कागद?"

"तात्पुरता."

"मिस्त्रीच्या घरातनं वाद्य चाललंय आन् खुंटीतनं कागद लोंबतोय. गल्ली हसंल. घसरतीय तर खडू लाव की." त्यांनी सदऱ्याच्या खिशातला खडूचा तुकडा काढून पुढं केला. आमच्या घरात खडू मिठासारखा. लाकडी खुंटी भोकात सैल फिरायला लागली की तिला खडू चोळायचा, ती धरते. माझ्या आज्ज्यापासून हेच.

दादा हसला आणि खडू त्यांच्या खिशात परत टाकला.

मग तो अंघोळीला गेला. आण्णा दाढी करायला कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. एरवी घरी करायचे, पण त्या दिवशी खेळाला जायचं होतं. दुकानात मी एकटा राहिलो. कागदाची कडा बाहेर आली होती ती मी कात्रीनं कापली आणि गिटार पिशवीत घातली.

*

सिटी बसमध्ये दादा खिडकीशी, मांडीवर गिटार. आण्णा पुढच्या बाकावर, इस्त्रीच्या कोटात, टोपीत, गुळगुळीत गालांचे.

दादानं पिशवीची चेन अर्धी उघडून खुंट्यांवरनं हात फिरवला. "शिरू, कागद दिसंना रं."

"कडा कापली मी. वाईट दिसत हुती."

"आतला हाय न्हवं?"

"हाय की."

"बरं केलंस." मग थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "पटंल का रं त्यास्नी?"

"पटंल."

"पुण्यात खोली मिळाली की तुला बोलावतो. चार दिवस ये ऱ्हायला."

"चार दिवस."

"मग काय जलमभर? दुकान कोण बघंल?" तो हसून माझ्या डोक्यात टपली मारून म्हणाला, "तू हायस म्हणून तर चाललोय, येड्या."

*

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. पडदा वर गेला. पहिलं गाणं सुरू झालं आणि आण्णांनी खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला. लाकडातून बास येत होता. भोपळ्याला हात लावून बघतात तसा तो हात त्यांनी तिथंच ठेवला. दुसऱ्या गाण्यात ते माझ्याकडं झुकून काहीतरी म्हणाले, पण ढोलकीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

तिसऱ्या गाण्यात त्यांची मान डावीकडं वळली.

ही मान आमच्या घरात सगळ्यांना माहीत. कुठल्याही वाद्याचा सूर केसभर उतरला की आण्णांची मान डावीकडं वळते, झोपेतसुद्धा. सभागृहात आठशे माणसं होती. त्या क्षणी फक्त दोघांना कळलं होतं, आण्णांना आणि रंगमंचावर दादाला. दादाचा हात चावीकडं गेला.

चौथ्या गाण्यात गायिकेनं मागं वळून बघितलं. दादा दोन कडव्यांच्या मधे चावी पिळत होता, कडवं सुरू झालं की सूर पुन्हा गळत होता. पाचव्यात देवकुळे कीबोर्डवरून त्याच्याकडं बघून काहीतरी बोलले. माइकवर नाही, पण ओठांवरून कळलं. बास बंद.

दादानं गिटारचं बटण फिरवून आवाज शून्यावर आणला.

पुढचे दोन तास तो तसाच उभा राहिला. ऑर्केस्ट्रात कोणी मधेच उठून जात नाही, तशी शिस्त असते. देवकुळ्यांनीच कीबोर्डवर डाव्या हातानं बास सांभाळला. दादा मुक्या तारांवर बोटं नाचवत होता, तालात, एकही चूक न करता, आणि हसत होता, कारण रंगमंचावर हसायचं असतं. लोक टाळ्या वाजवत होते. आण्णा पापणी न हलवता त्याच्या बोटांकडं बघत होते.

*

विंगेत सामान बांधायची गडबड. दादा एका पेटीवर बसून तार सोडवत होता. देवकुळे जाता जाता थांबले.

"अरे, तारेचं काय घेऊन बसलास? होतं असं. हात चांगला आहे तुझा. पहिली दोन गाणी ऐकली ना मी. पुण्यात नवी तार घालू. सकाळी आठला मिरजेतल्या लॉजवरून गाडी निघते, ये." आणि ते दिव्यांच्या वायरी गुंडाळणाऱ्यावर ओरडत निघून गेले.

दादानं तार खुंटीवरून काढली. मग खुंटीवरून बोट फिरवलं आणि ते बोट आण्णांसमोर धरलं. बोट पांढरं होतं.

"ह्यात कागद हुता."

त्यानं बोट तसंच धरून ठेवलं.

"शिरू म्हणाला, नुसती कडा कापली. मग कागद गेला कुठं? आन् ह्यो खडू कुणाचा?"

आण्णांनी त्या बोटाकडं बघितलं. मग माझ्याकडं. जवारीची पट्टी उजेडात धरून बघतात तसं बघितलं, कुठं उंच आहे, कुठं खोल आहे. मग म्हणाले, "माझा."

"कवा लावलासा?"

"तू अंघोळीला गेलास तवा. ह्यानं कडा कापून ठेवली हुती. मी उघडली, कागद काढला, खडू लावला."

"सकाळी मी काय सांगितलं ते ऐकलं न्हवतंसा?"

"ऐकलं हुतं."

"ऐकून लावला?"

इथं ते सावरू शकले असते. म्हातारा माणूस, विसरलो म्हणाले असते तरी चाललं असतं. ते म्हणाले, "व्हय."

दादा उभा राहिला. मला वाटलं तो गिटार आपटणार. त्यानं ती पिशवीत घातली, चेन लावली.

"शब्द दिलाय, तो पाळतो. सोमवारपासनं पाटावर बसतो. पण ह्यापुढं माझ्याशी बोलायचं न्हाई तुमी. एक अक्षर न्हाई. मी बी बोलणार न्हाई."

आणि तो बोलला नाही. अकरा वर्षं.

*

गाळलेलं वाक्य आता लिहितो.

आण्णांनी खडू पुढं केला तेव्हा दादा हसला, हे खरं. हसून तो म्हणाला होता, "आण्णा, लाकडाला लाकूड खडूनं धरतंय. हितं लोखंडावर लोखंड हाय. खडू लावला तर अजून घसरंल." मी शेजारी सरस ढवळत होतो. नीट ऐकलं होतं.

आणि आण्णा सलूनमध्ये होते. ते वरच लिहिलंय मी. दादाला ते माहीत नव्हतं.

दुकानात मी एकटा राहिलो. कडा कापून झाल्यावर तार सोडवली. कागद काढून शेगडीत टाकला. फळीवरचा खडू घेतला, खुंटीला चारही अंगांनी चोळला, तार पुन्हा गुंडाळली, सुरात लावली. काम सफाईदार झालं. मिस्त्रीचं पोर.

का? ह्यावर मी बरीच कारणं लिहून फाडली आहेत. कागद वाईट दिसत होता म्हणून. हाताला सवय म्हणून. आण्णांनी सांगितलं म्हणून.

मला तो जायला नको होता. तो गेल्यावर त्या पाटावर मी आणि आण्णा आणि कानस, बस्स, जन्मभर. वाटलं, एखाद्या गाण्यात तार जरा उतरेल, आण्णांची मान वळेल, ते नाही म्हणतील, दादा चार दिवस फुगून बसेल. एवढंच. आठशे माणसांपुढं दोन तास मुक्या गिटारवर हसत बोटं नाचवावी लागतील असं नव्हतं वाटलं.

विंगेत आण्णा "माझा" म्हणाले तेव्हा मी तोंड उघडलं होतं. त्यांनी नुसतं बोट हलवलं. दुकानात गिऱ्हाईक असलं आणि आम्ही मधे बोललो की हलवायचे तसं. मी तोंड मिटलं.

*

सोमवार, सकाळी साडेसात. दादा माडीवर. आण्णा दुकानात, खुंटीला टांगलेल्या कोटाकडं बघत. त्यांनी मला वर पाठवलं. मी वर गेलो. खाली आलो.

"काय म्हणतोय?"

"न्हाई जात म्हणतोय."

आण्णा पाटावर बसले. आठ वाजून गेल्यावर दादा खाली आला, समोरच्या पाटावर बसला आणि खुंट्या तासायला लागला.

*

"शिरू, त्यास्नी सांग, ह्या दांडीला चीर हाय."

"आण्णा, दांडीला चीर हाय म्हणतोय."

"त्याला सांग, मागच्या अंगाला घे, झाकंल."

"दादा, मागच्या अंगाला घे म्हणत्यात."

"सांग त्यास्नी, चीर झाकून इकत न्हाई मी."

दोघांच्या मधे चार हातांचं अंतर. दोघांचे कान गावात नावाजलेले. दोघांनाही एकमेकांचं पहिल्यांदाच ऐकू जायचं, तरी माझ्या तोंडून आल्याशिवाय ते पोचलं असं धरायचं नाही, असा नियम आपोआप पडला. पहिल्या आठवड्यात आई म्हणाली, "मी तुमची पोष्टमन न्हाई," आणि तिनं अंग काढून घेतलं. मग मीच.

अकरा वर्षांत मी काय काय पोचवलं. भोपळे पंढरपूरकडनं आलेत. सरस पातळ झालाय. डॉक्टरनी गोळ्या दोनदा सांगितल्यात. मुलगी बघायला बोलावलंय. नको म्हणतोय. आईला बरं वाटत नाही. आई गेली, त्याला उठव. एवढा एक निरोप आण्णांनी माडीच्या जिन्याशी उभं राहून स्वतः ओरडायचा प्रयत्न केला होता. आवाज फुटला नाही. मी वर गेलो.

निरोपात मी कधी शब्द बदलला नाही. शिवी असली तर शिवीसकट पोचवला. हे मी अभिमानानं सांगायचो, गल्लीत, चहाच्या टपरीवर. "आपण मधे मीठ-मिरची लावत न्हाई."

दादाची गिटार माडीवर खिळ्याला टांगलेली. तीन तारा ताणलेल्या, जाड तार नाही.

*

एकदा दादा लाकूड आणायला कोल्हापूरला गेला होता. दुकानात आम्ही दोघंच.

"आण्णा, मी सांगून टाकतो त्याला."

कानस चालू. "काय?"

"खडूचं."

"न्हाई सांगायचं."

"तो तुमच्याशी बोलंल तरी."

"आन् तुझ्याशी?" कानस थांबली. "शिरू, माझी किती ऱ्हायलीत? धा, पंधरा. तुमा दोघांना ह्या दोन पाटावर अजून चाळीस वर्सं काढायचीत. मधे बोलाय कोण असणार हाय? बापावर राग धरला तर बाप मरतो आन् राग मिटतो. भावावर धरला तर दुकान मोडतं."

मी रडायला लागलो.

"रडतोस कशाला? तार माझ्याच पोराची हुती, खडू माझ्याच दुकानातला हुता. मी खोटं कुठं बोललो?" मग पट्टीवर फुंकर मारून म्हणाले, "मला येवढंच लागतं, की सोमवारी जा म्हणून सांगितलं तरी गेला न्हाई. इतका राग."

मी डोळे पुसले आणि सरस ढवळायला लागलो.

*

अजून दोन जागा मी गाळल्यात, त्या राहिल्यात.

दुसऱ्या गाण्यात आण्णा माझ्याकडं झुकले ते मला ऐकू आलं होतं. ढोलकी होती, पण आमच्या घरातले कान. ते म्हणाले होते, "जाऊ दे त्याला." खुर्चीच्या हातावरून तळवा न काढता. "जाऊ दे त्याला. खर्ज असा पोटातनं आला पायजे." करार तिथं, दुसऱ्या गाण्यात, पुरा झाला होता. दादा जिंकला होता. तार त्यानंतर घसरली.

आणि सोमवारी साडेसातला आण्णांनी मला वर पाठवलं ते रिकाम्या हातानं नाही. ते म्हणाले, "त्याला सांग, माझ्या कानाला पटलं हुतं. तार घसरायच्या आधी पटलं हुतं. शब्द त्यानं जिंकलाय. आठची गाडी हाय, जा म्हणावं. मी लॉजपातूर येतो, बोलत न्हाई त्याच्याशी, पर येतो." आणि त्यांनी कोटाला हात घातला.

मी जिना चढलो. तेरा पायऱ्या. दादा खिडकीत बसला होता, आंघोळ करून, कपडे घालून. पिशवी भरलेली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं. तो कशाची तरी वाट बघत होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"काय?" म्हणाला.

"काय न्हाई," मी म्हणालो. "चहा झालाय."

खाली आलो.

हा माझ्याकडं दिलेला पहिला निरोप होता. खडूचं एक वेळ समजून घेता येईल कोणाला. तार बदलता येते. देवकुळे तर म्हणालेच होते. बापानं खडूचा आळ डोक्यावर घेऊनही पोराला दार उघडून दिलं होतं, आणि ते दार मी जिन्यात लावून घेतलं. चहा झालाय म्हणून.

*

आण्णा अकराव्या वर्षी गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "त्याला सांग..." म्हणाले आणि पुढं काही नाही. मी दादाला जाऊन सांगितलं, "तुला काहीतरी सांग म्हणत हुते."

"काय?"

"बोलले न्हाईत पुढं."

तेव्हा मात्र मी खरं सांगत होतो.

अग्नी दादानं दिला. तोंडानं एक शब्द नाही. चौदाव्या दिवशी दुकान उघडलं. आण्णांच्या पाटावर त्यांचा फोटो ठेवला, हार घातला. दादा त्याच्या पाटावर, मी माझ्या. मधे रिकामं चार हात अंतर. निरोप पोचवायला काही राहिलं नव्हतं, आणि अकरा वर्षं मी फक्त तेवढाच होतो.

म्हणालो, "दादा, खडू मी लावला हुता."

त्याची कानस थांबली नाही.

"आण्णा सलूनमधे हुते. मी लावला. तू काय म्हणालास ते ऐकून लावला. त्यांनी माझं नाव घेतलं न्हाई. मी..."

मला पुढचंही सांगायचं होतं. सोमवारचं. शपथेवर सांगतो, ओठांवर होतं.

कानस थांबली. दादानं ती खाली ठेवली. हातांवरची भुकटी पँटला पुसली. फोटोकडं तोंड केलं.

"आण्णा," म्हणाला.

अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्याचा आवाज त्या शब्दावर बारा-तेरा वर्षांच्या पोरासारखा फाटला. रस्त्यावरून एक हातगाडी गेली. मग त्यानं घसा साफ केला.

"आण्णा, ह्याला सांगा, ह्याचा पाट त्या कोपऱ्यात घे म्हणावं."

मी उठलो आणि पाट कोपऱ्यात घेतला.

*

ह्याला आता नऊ वर्षं झाली. दुकान चालू आहे. गायक मंडळी लांबून येतात. येणारे म्हणतात, काय भाऊ आहेत, बापाला विचारल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आण्णा, ह्याला सांगा, जवारी खरखरतीय."

"आण्णा, त्याला सांगा, परत काढतो."

अकरा वर्षं जे अडून राहिलं होतं ते बोलणं आता दिवसभर चालतं. दादा आण्णांशी खूप बोलतो. कधी कधी मला काही सांगायचं नसतं तेव्हाही बोलतो, हवेबद्दल, लाकडाबद्दल. फक्त त्या दिवसाबद्दल नाही. पोटात काय धरून बसलाय ते मला माहीत आहे. आण्णांनी खडू लावला नव्हता हे त्याला कळलं, पण आण्णांना ते वाजवणं पटलं नाही, हे तो अजून धरून आहे. मुक्या गिटारवर बोटं नाचवताना बापाची तिसऱ्या रांगेतली नजर, तेवढीच त्याच्याकडं आहे.

बाकीचं माझ्याकडं आहे.

रोज सकाळी दुकान उघडतो, फोटो पुसतो, उदबत्ती लावतो. दादा येतो, बसतो, कानस हातात घेतो. त्याचे केस पांढरे झालेत, भुकटीनं नव्हे. मी कोपऱ्यातून म्हणतो, "आण्णा, त्याला सांगा..."

माझ्या आवाजात काहीतरी होत असणार, कारण कानस थांबते. दादा मान वर करत नाही, पण थांबतो. सकाळी साडेसातला खिडकीत बसला होता तसा.

आजही थांबला होता.

"सरस उद्या येतोय म्हणावं," मी म्हणालो.

कानस पुन्हा सुरू झाली.